संगणकावरील अग्निबाण आणि आपल्या गावची हवा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुढे दिलेले भाषण)



समारंभाच्या भाषणात शिक्षणाचे महत्त्व सांगण्याची प्रथा आहे. ते आपण सर्व जाणता, म्हणूनच ही संस्था उभी आहे. तेव्हा आज मी एक लहानसा, वरवर पाहता अगदी किरकोळ वाटणारा विषय घेणार आहे. नमुन्याच्या अग्निबाणाचा आराखडा करण्याची जी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, संगणकावर मिळते, तिच्यातील 'प्रेफरन्सेस' नावाचे पान कसे भरावे, एवढाच तो विषय आहे.

काही जण मनात म्हणतील की माणच्या मुलांचा अग्निबाणाशी काय संबंध? मी ज्या माणबद्दल बोलतो ते साताऱ्याकडचे नव्हे, मुळशी तालुक्यातील, हिंजवडीला लागून असलेले. एके काळची ही शेतीवाडी. आज इथल्याच जमिनीवर राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या इमारती उभ्या आहेत. ईशान्येला चाकण, पूर्वेला भोसरी आणि पिंपरी-चिंचवडचे कारखाने. पाषाणला संरक्षण खात्याची शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे, तिथे पिनाक अग्निबाणाची रचना झाली. त्याच बाजूला सुतारवाडीत अग्निबाणाच्या इंधनावर काम करणारी प्रयोगशाळा आहे. म्हणजे अग्निबाण आपल्या घराच्या अंगणात नसला, तरी शेजारच्या आळीत नक्कीच आहे.

फिनलंडमधील साम्पो निस्कानेन या विद्यार्थ्याने हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी एक आज्ञावली लिहिली. २००९ साली ती त्याने जगाला फुकट देऊन टाकली. तिचे नाव 'ओपनरॉकेट'. साध्या संगणकावर ती चालते, शाळेला तिच्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. नाकाचा शंकू, नळी, पंख, छत्री, मोटार असे भाग पडद्यावर जोडायचे. मग बाण किती उंच जाईल, सरळ जाईल की गटांगळ्या खाईल, याचा हिशेब ती करून देते. या हिशेबाचा पाया जेम्स बॅरोमन या अमेरिकन अभियंत्याने १९६०च्या दशकात घातला. वस्तूचे वजन जिथे तोलले जाते तो गुरुत्वमध्य, आणि हवेचा दाब जिथे एकवटतो तो दाबमध्य. गुरुत्वमध्य नाकाच्या बाजूला आणि दाबमध्य शेपटाच्या बाजूला हवा. त्यांच्यातील अंतर नळीच्या व्यासाच्या साधारण एक ते दोन पट असावे, म्हणजे बाण स्थिर उडतो. पतंगाला शेपूट का लावतात हे ज्याला कळते, त्याला हे कळायला अवघड नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ही आज्ञावली प्रथम उघडली की तिच्यात काही मूल्ये आधीच भरलेली असतात. उड्डाणाची जागा पाहा: अक्षांश २८.६१ उत्तर, रेखांश उणे ८०.६०, उंची शून्य मीटर. नकाशात पाहिले तर हे ठिकाण अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, केप कॅनाव्हरलपाशी निघते. हवा कशी? आंतरराष्ट्रीय प्रमाण वातावरणाची, म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस आणि १०१३.२५ मिलिबार दाब. माणच्या मुलाने काहीही न बदलता बाण उडवला, तर पडद्यावर तो फ्लोरिडात उडतो, आणि तोही एखाद्या गारठलेल्या सकाळी!

आपली हवा कशी आहे? पुण्याचा हा पठारी भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. प्रेफरन्सेसच्या पानावर नुसती उंची ५६० भरली आणि 'प्रमाण वातावरण' तसेच ठेवले, तर आज्ञावली तापमान सुमारे ११ अंश धरते. मे महिन्यात दुपारी माणला ११ अंश म्हटले तर रस्त्यावरचा सरबतवालाही हसेल. म्हणून प्रमाण वातावरणाची खूण काढायची आणि तापमान व दाब स्वतः भरायचे.

याने काय फरक पडतो, हे आकड्यांत पाहू. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत एका घनमीटरचे वजन १.२२५ किलो. आपल्याकडे ३८ अंश तापमान आणि ९४८ मिलिबार दाब असताना तेच वजन सुमारे १.०६ किलो भरते. म्हणजे हवा जवळजवळ १३ टक्क्यांनी विरळ. विरळ हवेत अडथळा कमी, म्हणून बाण आकड्यापेक्षा उंच जाईल. पण परतीच्या वाटेवर छत्रीलाही हवा कमीच मिळते, आणि तो सुमारे ७ टक्के अधिक वेगाने जमिनीवर येईल. उंच गेला म्हणून टाळ्या वाजवाव्यात, तोवर पंख मोडून पडायचा. अक्षांश-रेखांशाने मात्र अशा लहान उड्डाणात नगण्य फरक पडतो. तरी ते बरोबर भरावेत, आणि रेखांशापुढचे उणे चिन्ह काढायला विसरू नये. आपण पूर्व गोलार्धात आहोत, पश्चिम नव्हे.

मोठ्या अग्निबाणांच्या बाबतीत जागेचे महत्त्व किती, हे आपल्या देशाच्या इतिहासातच आहे. डॉ. विक्रम साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातील थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडले, कारण पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त त्याच्या जवळून जाते आणि वरच्या वातावरणाचा अभ्यास तिथूनच उत्तम होतो. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण उडाला. त्या तुकडीत अग्निबाणाची जुळणी आणि सुरक्षितता पाहणारे तरुण अभियंते ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. 'आपण कुठे उभे आहोत?' हा त्या कामातला पहिला प्रश्न होता.

हा प्रश्न नवा नाही. जुन्या काळी ग्रहताऱ्यांची उंची मोजण्यासाठी, वेळ आणि दिशा काढण्यासाठी उस्तुरलाब नावाचे पितळी यंत्र असे. लाहोरच्या उस्ताद अल्लाहदाद यांच्या घराण्याने सोळाव्या-सतराव्या शतकात अशी अप्रतिम यंत्रे घडवली. या यंत्राच्या पोटात अनेक चकत्या असत आणि प्रत्येक चकती एकेका अक्षांशासाठी कोरलेली असे. माणूस एका शहरातून दूरच्या दुसऱ्या शहरी गेला की चकती बदलायची. यंत्र तेच, पण चकती आपल्या गावची. चुकीची चकती ठेवली तर यंत्र बिघडत नसे, उत्तर मात्र चुकीचे येई. प्रेफरन्सेसचे पान म्हणजे ही चकतीच आहे, दुसरे काही नाही.

दुसरा भाग एककांचा. या पानावर लांबी, वजन, वेग, बल, दाब, तापमान अशा प्रत्येक राशीसाठी एकक निवडता येते. एका बटणाने सगळी मेट्रिक, दुसऱ्याने सगळी इंच-पौंडी होतात. आपल्या मुलांनी मेट्रिक ठेवावीत, हे सांगायला नको. पण इथे एक बारकावा आहे. एकक बदलले म्हणून आराखडा बदलत नाही, फक्त दाखवण्याची रीत बदलते. धोका निर्माण होतो तो माणसाच्या वाचण्यात आणि एका हातातून दुसऱ्या हातात आकडा देण्यात. १९९९ साली अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळापाशी पोहोचून नष्ट झाले. एका तुकडीच्या आज्ञावलीने आवेग पौंड-सेकंदात दिला, दुसरीने तो न्यूटन-सेकंदात आहे असे धरले. दोहोंत जवळपास साडेचार पटींचा फरक. यान ठरल्यापेक्षा खूपच खालून गेले. गणित दोघांचेही येत होते, एकक लिहून ठेवण्याचे राहिले.

भोसरी-चाकणला ज्यांचे वडील-भाऊ सीएनसी यंत्रावर काम करतात, त्यांना हे घरीच शिकायला मिळेल. जी-२० दिला की यंत्र इंच समजते, जी-२१ दिला की मिलिमीटर. जॉब लावल्यावर शून्याची जागा आपण स्वतः ठरवून द्यावी लागते. कालच्या पाळीतल्या माणसाने सोडलेले शून्य तसेच धरून कोणी यंत्र चालू केले, तर टूल तुटते, जॉब भंगारात जातो आणि बोलणी खावी लागतात ती वेगळीच. अग्निबाणाच्या आज्ञावलीत मात्र हीच शिस्त एकही वस्तू न मोडता शिकता येते.

तिसरा भाग साहित्याचा. आज्ञावलीत पुठ्ठा, बाल्सा लाकूड, प्लास्टिक वगैरेंची घनता दिलेली असते. पण आपल्या मुलाला बाल्सा मिळत नाही. त्याच्याकडे असते कारखान्यातून आलेल्या खोक्याचा पुठ्ठा, कापडाच्या ताग्यातली कागदी नळी, बांबूची कामटी आणि छत्रीसाठी प्लास्टिकची पिशवी. प्रेफरन्सेसमध्ये आपले साहित्य आपण भरू शकतो. समजा, पुठ्ठ्याची १० सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि २ मिलिमीटर जाड पट्टी कापली. तिचे घनफळ १० घनसेंटिमीटर. सोनाराच्या काट्यावर ती ७ ग्रॅम भरली, तर घनता ०.७. हा आकडा आपल्या नावाने यादीत घालायचा. पिशवीसारख्या पातळ वस्तूची नोंद दर चौरस मीटरला किती ग्रॅम अशी होते, आणि दोऱ्याची दर मीटरला किती ग्रॅम अशी. पंख जड निघाले तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि बाणाची स्थिरता घटते. तेव्हा हा आकडा शोभेचा नाही. सातवी-आठवीत घोकलेले 'वस्तुमान भागिले घनफळ' इथे पहिल्यांदा उपयोगाला येते.

शिक्षकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. शाळेत एका संगणकावर सकाळी एक तुकडी बसते, दुपारी दुसरी. प्रेफरन्सेस आराखड्याच्या फाइलबरोबर जात नाहीत, त्या त्या संगणकावर, त्या त्या खात्यात राहतात. एका मुलीने भरलेली साहित्याची यादी शेजारच्या संगणकावर दिसणार नाही. शिवाय उड्डाणस्थळाची नवी मूल्ये भरली तरी आधी केलेल्या उड्डाणांच्या नोंदीतली हवा जुनीच राहते, ती उघडून स्वतंत्रपणे बदलावी लागते. म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक विद्यार्थ्याने वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहाव्यात: एकके कोणती, जागा व उंची किती, तापमान व दाब किती, साहित्याची घनता किती आणि ती कोणी मोजली. हे पान असल्याखेरीज निकालाचा आकडा ग्राह्य धरू नये. कोणत्याही प्रयोगशाळेत चालणारा हा नियम आहे.

एक इशाराही द्यायला हवा. हे सर्व संगणकावर करण्यासाठी आहे. घरी दारू कुटून मोटार बनवण्याचा विचार कोणीही, चुकूनही करू नये. स्फोटक पदार्थांविषयी १८८४ चा कायदा आहे, आणि कायद्याआधी आपले डोळे व बोटे आहेत. लोहगावचा विमानतळही आपल्यापासून फार दूर नाही. प्रत्यक्ष उड्डाण करायचे झाले तर ते जाणकार संस्थेच्या देखरेखीखाली, रीतसर परवानगी घेऊनच व्हावे.

मित्रहो, हा विषय मी का निवडला? आपल्या मुलांची बुद्धी कोणापेक्षा कमी नाही. पण आपल्याला एक सवय लागलेली आहे. जे छापून आले, जे पडद्यावर आधीच भरलेले आहे, ते कोणी तरी मोठ्या माणसाने भरले असेल, ते बदलण्याचा आपल्याला काय अधिकार, असे आपण समजतो. मुलींना तर घरातही हेच अधिक ऐकवले जाते. फ्लोरिडाची जागा भरणाऱ्याने काही अपराध केलेला नाही. कुठली तरी जागा भरणे भाग होते, त्याने माहितीची भरली. ती बदलण्याची सोयही त्यानेच ठेवली आहे. त्या सोयीचा उपयोग न करणे हा आपला आळस ठरेल.

इतकेच काय, या आज्ञावलीचे मूळ लेखनही सर्वांना खुले आहे. पडद्यावर दिसणारे शब्द त्यात वेगळ्या फाइलींत ठेवलेले आहेत, आणि जगभरच्या हौशी माणसांनी ते आपापल्या भाषांत आणले आहेत. आपल्या शाळेतल्या चार मुलामुलींनी शिक्षकांच्या मदतीने हे शब्द मराठीत आणायचे मनावर घेतले, तर ते काम एका सुट्टीत उभे राहू शकेल. मग भाषेच्या यादीत आपली भाषा निवडण्याची सोय पुढच्या मुलांसाठी होईल. दुसऱ्याने ठेवलेली सोय वापरणे ही पहिली इयत्ता झाली. आपण कोणासाठी तरी सोय करून ठेवणे ही पुढची.

संस्थेने संगणकाच्या खोलीत एक तापमापी, एक साधा वायुभारमापक आणि ग्रॅमचा काटा ठेवावा, एवढी विनंती मी पदाधिकाऱ्यांना करतो. खर्च फार नाही. संगणकाला विचारण्याआधी खिडकीबाहेरची हवा मोजण्याची सवय मुलांना लागली, तर अग्निबाण उडो वा न उडो, ती मुले जिथे जातील तिथे आपली चकती आपण निवडतील.