देवनगरीत एक दांपत्य



परदेशप्रवास ही गोष्ट आता आपल्या समाजात नवलाची राहिलेली नाही. मुले-मुली शिकून बाहेर पडली, चांगली स्थिरावली, आणि आई-वडिलांना तिकिटे काढून देऊ लागली. चाळीस-चाळीस वर्षे दुकानाच्या गादीवर बसलेली माणसे साठीनंतर प्रथमच विमानात पाऊल ठेवतात. जाऊन आल्यावर मात्र ‘काय पाहिले?’ असे विचारले, तर जेवणाची गैरसोय आणि वस्तूंचे भाव यापलीकडे फारसे ऐकावयास मिळत नाही. एवढा खर्च करून, एवढे अंतर कापून माणूस रिकाम्या हाताने का परततो, याचा विचार आज एका दांपत्याच्या बँकॉक प्रवासाच्या आधारे करावयाचा आहे.

हे दांपत्य मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावचे. गृहस्थांचे किराणा-भुसाराचे दुकान, वय 64. विवाहास 41 वर्षे झालेली. या 41 वर्षांत दोघांनी प्रवास केला नाही असे नव्हे. तीर्थयात्रा झाल्या, लग्नकार्ये झाली, दवाखान्याच्याही वाऱ्या झाल्या. पण प्रत्येक वेळी सोबत दहा माणसे. केवळ दोघांनी एकत्र पाच दिवस घालवावेत असा योग एकदाही आला नव्हता. 2024 च्या जानेवारीत मुलाने एका सहल-कंपनीकडे पैसे भरले आणि तो योग आणला.

ज्या नगरीला आपण बँकॉक म्हणतो, तिला तेथील लोक ‘क्रुंग थेप’ म्हणतात. ‘थेप’ म्हणजे आपला ‘देव’ आणि ‘क्रुंग’ म्हणजे नगर. हे झाले बोलण्यातले नाव. संपूर्ण नाव इतके लांब आहे की जगातील सर्वांत लांब स्थलनाम म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. ते नाव आपल्याला परके वाटू नये असे आहे. त्यात रत्नकोसिन आहे, अयुत्थया म्हणजे अयोध्या आहे, नवरत्न आहे, राजधानी आहे, अमरविमान आहे आणि ही नगरी विश्वकर्म्याने उभारली असेही म्हटले आहे. पाली आणि संस्कृत शब्दांना थाई उच्चाराचा पेहराव चढवला, एवढेच. ब्रह्मी सैन्याने 1767 मध्ये जुनी राजधानी अयुत्थया उद्ध्वस्त केली. त्यानंतर काही वर्षे राजधानी चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावर, थोनबुरी येथे होती. 1782 मध्ये पहिल्या राम राजाने ती पूर्व तीरावर आणली आणि तेथून या शहराचा विस्तार झाला. विमानतळाचे नावही ‘सुवर्णभूमी’. 2006 साली सुरू झालेल्या या विमानतळाच्या प्रस्थान दालनात समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आहे.

परंतु यांतील काहीही त्या दांपत्याला पहिल्या दोन दिवसांत कोणी सांगितले नाही. सकाळी सात वाजता बस, तासाभराच्या अंतरावर काही पाहणे, मग दुसरे काही, मग एका रत्नांच्या दालनात दीड तास आणि मंदिरात पंचवीस मिनिटे. हे प्रमाण ध्यानात घेण्यासारखे आहे! गृहस्थ घड्याळ पाहात पुढे चालत. पत्नीचे गुडघे दुखत, त्या वीस पावले मागे. छायाचित्रापुरते दोघे एकत्र येत आणि पुन्हा वीस पावलांचे अंतर पडे. दुसऱ्या रात्री खोलीवर आल्यावर पत्नी शांतपणे म्हणाल्या, “मी उद्या बसमध्ये येणार नाही. तुम्ही जाऊन या.”

व्यापारी माणसाला भरलेले पैसे सोडणे किती जड जाते, हे या सभागृहात वेगळे सांगावयास नको. गृहस्थ रागावले, हिशेब मांडून दाखवला, मुलाला काय वाटेल असेही म्हणाले. पत्नीने उलट उत्तर दिले नाही, पण सकाळी त्या उठून तयारही झाल्या नाहीत. बस निघून गेली. गृहस्थ मागे राहिले ते प्रेमापोटी की परक्या देशात बायकोला एकटे टाकणे बरे नव्हे म्हणून, हे त्यांनाही सांगता आले नसते.

दहाच्या सुमारास दोघे राजवाड्याच्या तटाजवळ पोहोचले. तेथे नीटनेटक्या पोशाखातील एका इसमाने त्यांना अदबीने अडवले. आज सणामुळे राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर तीनचाकी टुकटुक वीस बाथमध्ये साऱ्या शहरात फिरवील, आणि योगायोगाने रत्नांवर सवलतीचा आजच शेवटचा दिवस आहे, असे त्याने सांगितले. वीस बाथ म्हणजे तेव्हा आपले पन्नास रुपयेही नव्हते. गृहस्थांनी एक पाय टुकटुकमध्ये ठेवलाही होता. तेवढ्यात पत्नी म्हणाल्या, “अहो, ते बघा, माणसं तर आत चालली आहेत.” वास्तविक जो माणूस तोट्याच्या दरात गाडी फिरवतो, तो आपले पैसे कोठून तरी वसूल करणार, हे दुकानदाराला कळावयास हवे. बँकॉकमधील ही फसवणूक फार जुनी आहे आणि तिला बळी पडणाऱ्यांत चतुर माणसांचा भरणा मोठा असतो. राजवाड्याच्या दारापर्यंत स्वतः चालत जावे, हा त्यावरचा साधा उपाय.

आत प्रवेशाचे पाचशे बाथ, खांदे आणि गुडघे झाकलेले वस्त्र आवश्यक. पत्नीच्या साडीला कोणी हरकत घेतली नाही. आवारातील वाट फ्रा केओ या मंदिरातील बुद्धमूर्ती पाचूची म्हणून प्रसिद्ध असली, तरी ती एका हिरव्या पाषाणाची आहे. उंची जेमतेम 66 सेंटिमीटर. वर्षातून तीन वेळा, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या ऋतूंप्रमाणे, तिचा सुवर्णपोशाख बदलतात आणि तो मान परंपरेने राजाचा असतो. जानेवारीत मूर्तीच्या अंगावर थंडीची सोन्याच्या जाळीची शाल होती. सभोवतालच्या ओवऱ्यांत रामकियेन, म्हणजे थाई रामायण, 178 चित्रचौकटींत रंगवलेले आहे. त्यातील हनुमान आपल्यासारखा ब्रह्मचारी नाही, हे कळल्यावर गृहस्थ चकित झाले. पत्नी मात्र कथेपेक्षा चित्रांकडे पाहात होत्या. एकेका चौकटीपुढे त्या इतका वेळ थांबत की गृहस्थांना कंटाळा येऊन ते परत मागे येत. वीस पावलांचे अंतर प्रथमच उलट दिशेने तुटू लागले होते.

याच आवारात 2012 साली सुरू झालेले राणी सिरिकित वस्त्रसंग्रहालय आहे. सहल-कंपन्या तेथे सहसा नेत नाहीत. कापडाशी संबंध असलेल्याने ते चुकवू नये. एके काळी आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावर आणि गुजरातेत खास सयामी पसंतीची नक्षी काढून सुती कापड रंगवले व छापले जाई आणि जहाजांतून अयुत्थयाला रवाना होई. दरबारात कोणी कोणत्या नक्षीचे कापड नेसावे यावरून त्याचा दर्जा ओळखला जाई. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे माल तयार करून देणे हे आपल्या कारागिरांना तेव्हाही उत्तम साधले होते. तेथील जुने वस्त्र ‘चोंग क्राबेन’ हे दोन पायांतून घेऊन मागे खोचतात. धोतराचा आणि नऊवारीचा कासोटा ज्याला ठाऊक आहे, त्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

दुपारी दोघे जवळच्या वाट फो मंदिरात गेले. पहुडलेल्या बुद्धाची ही मूर्ती 46 मीटर लांब व 15 मीटर उंच आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावकामात 108 मंगलचिन्हे कोरली आहेत आणि भिंतीलगत काशाची 108 पात्रे ओळीने मांडली आहेत. थोडे पैसे देऊन सुटी नाणी घ्यावयाची आणि प्रत्येक पात्रात एकेक टाकीत जावयाचे. नवकारवालीचे 108 मणी रोज ओढणाऱ्या पत्नीला त्या संख्येचे अप्रूप वाटले. त्या टाकीत गेल्या, गृहस्थ मोजीत गेले.

जेवणाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या मंडळींची पहिली चिंता तीच असते. केवळ ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही, कारण भाजीतही माशाचा अर्क घालण्याची रीत आहे. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात ‘जे’ असे लिहिलेले दिसले, तर तेथे मांस, मासे, अंडी, दूधच नव्हे तर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. ही चिनी बौद्धांची परंपरा. मात्र कंदमुळांना तेथे मनाई नाही, म्हणून बटाटा-गाजराचे विचारून घ्यावे. पाहुरात या कापडपेठेत आणि सिलोम भागात, जेथे रत्नव्यापारातील जैन कुटुंबेही आहेत, जैन पद्धतीचे जेवण मिळते. खाकऱ्यांचा डबा मात्र सोबत असलेला बरा.

वाट फोच्या मागेच ता तियेन हा धक्का आहे. तेथून पाच बाथमध्ये नाव पैलतीरावर वाट अरुण या मंदिराला पोहोचवते. हे शिखर दुरून पांढुरके दिसते. जवळ गेल्यावर कळते की ते चिनी मातीच्या फुटक्या बश्या आणि वाडग्यांच्या तुकड्यांनी मढवलेले आहे. तुकडे जोडून फुले केली आहेत, पाकळ्या केल्या आहेत. पायऱ्या अतिशय उभ्या. गृहस्थ वर चढले आणि पत्नी खाली, हाताला फुले लागतील अशा कठड्यापाशी बसल्या. गृहस्थ पाऊण तासाने उतरले तेव्हा त्यांची खर्चाची वही पत्नीच्या मांडीवर होती. डाव्या पानावर नावेचे भाडे, तिकिटे, नारळपाणी, असा जमाखर्च, आणि उजव्या कोऱ्या पानावर आठ पाकळ्यांचे एक फूल, छायेसह, अगदी हुबेहूब.

“हे तू काढलंस?” त्यांनी विचारले.

“इंटरमिजिएटच्या परीक्षेत बी श्रेणी होती माझी. प्रमाणपत्र ट्रंकेत घालून सासरी आणलं होतं.”

“कधी बोलली नाहीस.”

“दुकानात रंगाचं काय काम? आणि महाराजसाहेब गावात आले की तांदळाची गहुली कोण काढतं, हे तर तुम्ही पाहताच.”

गृहस्थांनी ती गहुली 41 वर्षे पाहिली होती. ती कोठून शिकली, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नव्हता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातील पेन्सिल त्यांनी पुढे केली, कारण बॉलपेनाची शाई उतरत होती.

उरलेल्या दोन दिवसांत त्यांनी थोडेच पाहिले. पाक ख्लोंग तलात या फुलांच्या बाजारात मोगऱ्याच्या माळा ओवणाऱ्या बायकांसमोर एक सकाळ गेली. एके दिवशी सेन सेप कालव्यातील नावेतून ते बान क्रुआ वस्तीजवळ उतरले. येथील चाम मुसलमान विणकरांचे रेशीम जिम थॉम्पसन या अमेरिकन गृहस्थाने जगभर पोहोचवले. दुसऱ्या महायुद्धानंतर तो बँकॉकमध्ये स्थायिक झाला आणि 1967 च्या मार्चमध्ये मलेशियातील डोंगराळ भागात फिरावयास गेला असता कायमचा बेपत्ता झाला. कालव्याच्या एका काठावर त्याचे सागवानी घर संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते. दुसऱ्या काठावर आता मोजकेच माग उरले आहेत. व्यापारी आणि कारागीर यांच्यामध्ये केवढे अंतर असते, याचे याहून स्पष्ट दर्शन क्वचितच घडेल. तेथील एका मागापुढे पत्नीने रंग निवडला, गृहस्थांनी भाव विचारला आणि दोन मीटर रेशीम वहीत डाव्या पानावर जमा झाले.

परतीच्या दिवशी सुवर्णभूमी विमानतळावर गृहस्थ सामानाची वजने पाहून निश्चिंत झाले, तेव्हा पत्नी समुद्रमंथनाच्या शिल्पासमोर बाकावर बसून वासुकी रेखाटीत होत्या. एका बाजूचे देव झाले होते, दुसऱ्या बाजूचे असुर व्हावयाचे होते. विमानाची घोषणा झाली. गृहस्थ म्हणाले, “अजून वेळ आहे, रांग मोठी आहे, तू शेपूट पुरं कर,” आणि दोघांचे सामान घेऊन रांगेत जाऊन उभे राहिले.