कळा सुरू झाल्यावर

माझ्या कळा पहाटे सुरू झाल्या. आधी वीस मिनिटांनी, मग पाच-पाच मिनिटांनी. दवाखान्यात सिस्टर तपासून म्हणाल्या, "पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलंय. दहा व्हायला वेळ आहे, चालत राहा." पडून राहण्यापेक्षा चालताना कळ सोसवते, हे मात्र खरं. आणि सांगेपर्यंत जोर करायचा नाही, हे घरातल्या एकीनेही सांगितलं नव्हतं! बाळ येताच छातीवर ठेवलं, तासाभरात अंगावर पाजलं.

पाणमोट फुटली, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. 2011पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण मोफत आहे, सिझेरियनसुद्धा. गाडीसाठी 102 किंवा 108 नंबर लावा.