बर्फाच्या वाटेवरील मोटार

कळमेश्वरच्या संत्र्याच्या बागांवरून नागपुरास जाणाऱ्या मोटारीला बर्फाचें भय सांगणें म्हणजे मारवाडच्या उंटाला पोहावयास शिकविण्यासारखें वाटेल. २९ डिसेंबर २०१८ रोजीं नागपुरांत पारा साडेतीन अंशांवर आला, तेवढ्यानेंच आपण सारे हुडहुडलों! परंतु हल्लीं आपल्याकडील कुटुंबें नाताळांत स्वतःची मोटार घेऊन मनालीस जातात; आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजीं रोहतांगखालील अटल बोगदा खुला झाल्यापासून पलीकडे लाहोलच्या बर्फांतहि शिरतात. त्या मोटारीची तयारी घरच्या मेकॅनिकाकडेंच व्हावयास हवी.

रेडिएटरांत नळाचें पाणी ओतण्याची आपली जुनी खोड. येथें ती खपते. पहाडांत तेंच पाणी रात्रीं गोठतें, गोठतांना सुमारें नऊ टक्के फुगतें, आणि इंजिनाचें ओतीव लोखंड तडकतें. एथिलीन ग्लायकोल व पाणी समभाग घेतल्यास तें मिश्रण उणे पस्तीस अंशांपर्यंत टिकतें. बॅटरी जुनी असेल तर निघण्यापूर्वींच बदलावी. गारठ्यांत तिचें बळ पुष्कळ घटतें. डिझेलांत मेणासारखे कण धरून गाळणी तुंबते, म्हणून तर इंडियन ऑइलनें २०१९ सालीं लडाखसाठीं उणे तेहतीस अंशांतहि वाहणारें डिझेल काढलें. रात्रीं हातब्रेक ओढून ठेवूं नये, तो गोठून चाकें जखडतात. गाडी गिअरांत ठेवून चाकांस दगड लावावा. साखळ्या इंजिन ज्या चाकांना ओढतें त्यांनाच चढवावयाच्या, आणि तें एकदां अंगणांत करून पाहावें.

हें सारें न केल्यास फार तर गाडी बिघडेल. माणसें दगावतात तीं निराळ्याच कारणानें. जानेवारी २०२२ मध्यें पाकिस्तानांतील मरी येथें हिमवादळांत हजारों मोटारी अडकल्या, आणि वीसांहून अधिक माणसें गेलीं. कांहीं गारठ्यानें, परंतु कित्येकांचा घात कार्बन मोनॉक्साइडनें केला असें मानलें गेलें. हीटरसाठीं इंजिन चालूं असतें, सायलेन्सरची नळी बर्फानें बुजते, आणि धूर आंत शिरतो. या वायूला ना रंग, ना वास. माणसाला नुसती झोंप येते.

तेव्हां बागेंतलें फावडें डिकींत अवश्य टाकावें. अडकल्यावर प्रथम नळी मोकळी करावी, मगच इंजिन तासांतून दहा मिनिटें चालवावें, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची कांच बोटभर उघडी ठेवावी. घोंगड्या, दशम्या, पाणी व विजेरी आसनाजवळ असावीं. गाडी सोडून पायीं निघूं नये. पांढऱ्या रानांत रस्ता दिसत नाहीं. आपल्याकडे थंडींत शेगडी पेटवितात, ती बंद गाडींत कदापि नको. आणि डोकें जड झालें, किंवा मूल अवेळीं पेंगूं लागलें, तर बाहेरच्या थंडीचा विचार न करतां इंजिन बंद करावें व दार उघडावें.