रकाना कोणी आखला?

(तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिलाय 'संगणक, संस्था आणि समाज'. यावर गेली पन्नासेक वर्षं संशोधन चालू आहे आणि ते सगळं इथे सांगायला बसलो तर तुम्ही जेवणाच्या सुट्टीआधीच उठून जाल. म्हणून मी एकच प्रकरण घेतो, नेदरलँड्समधलं. देश लांबचा आहे. पण त्यात भरडले गेलेल्यांत तुर्की आणि मोरोक्कन वंशाची कुटुंबं मोठ्या प्रमाणात होती, म्हणजे बरीचशी नावं तुमच्या-माझ्या नावांसारखीच. शिवाय त्याची कागदपत्रं उघड झालेली आहेत, त्यामुळे अंदाजावर बोलावं लागत नाही.

नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार भत्ता देतं. आजची पद्धत २००५ च्या कायद्याने आली. पैसे आगाऊ मिळतात (त्या काळी ते कर खात्याकडून मिळायचे) आणि हिशोब मागाहून होतो. २०१३ मध्ये उघडकीला आलं की काही टोळ्या बल्गेरियातून माणसं आणतात, त्यांची पत्त्यावर नोंद करतात आणि वेगवेगळे भत्ते उचलून त्यांना परत पाठवतात. टीव्हीवर गाजलं, संसदेत गदारोळ झाला, मंत्री अडचणीत आले. आता कडक व्हायचं ठरलं.

त्याच वर्षापासून कर खातं एक संगणकीय मॉडेल वापरू लागलं. भत्त्याच्या प्रत्येक अर्जाला ते जोखमीचे गुण द्यायचं. गुण जास्त, तर अर्ज हाताने तपासायला कर्मचाऱ्याच्या टेबलावर. मॉडेलमध्ये बऱ्याच गोष्टी जात होत्या, आणि त्यातला एक रकाना होता: अर्जदार डच नागरिक आहे का, हो की नाही. 'नाही' असेल तर गुण वाढायचे. धर्माचा रकाना त्यात नव्हता, हे लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

टेबलावर फाईल आली की कर्मचाऱ्याला काय दिसायचं? ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२१ मध्ये यावर अहवाल काढला. त्यात म्हटलंय की ही फाईल का निवडली गेली, याची काहीच माहिती तपासणाऱ्याला मिळत नव्हती. विचार करा. तुमच्यासमोर फाईल येते, तिच्यावर लाल खूण असते, कारण लिहिलेलं नसतं. तुम्ही काय गृहीत धराल? काहीतरी असल्याशिवाय आली नसेल, हेच ना? मग तुम्ही खोट शोधू लागता. आणि भत्त्याच्या कागदपत्रांत खोट कुणाच्याही सापडते. कुठे सही राहिलेली असते, कुठे पावती हरवलेली असते, कुठे आपल्या वाट्याचे थोडे पैसे भरायचे राहून गेलेले असतात.

इथे दुसरा नियम लागू व्हायचा, आणि तो संगणकाचा नव्हता. खात्याने कायद्याचा अर्थ असा लावला होता की हिशोबात थोडी जरी तूट असली, तरी पूर्ण वर्षाचा भत्ता परत करायचा. सगळं किंवा काहीच नाही. हजारो युरोंची वसुली निघायची, कुठेकुठे तर दहा-दहा हजारांच्या पटीत. ज्यांच्यावर 'हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणा' असा शिक्का बसला, त्यांना परवडतील असे हप्ते पाडून मिळण्याचीही सोय नाही. घरं गेली, नोकऱ्या गेल्या, संसार मोडले. देशातल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने हा अर्थ वर्षानुवर्षं उचलून धरला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो बदलला.

आता मी मॉडेलपेक्षा या बाकीच्या गोष्टींवर जास्त वेळ का घालवतोय? आमच्या क्षेत्रात एक जुनी सवय आहे. काही बिघडलं की 'सिस्टीममध्ये प्रॉब्लेम आहे' म्हणायचं. बँकेतला माणूस म्हणतो, तलाठी कार्यालयातला म्हणतो, आम्ही इंजिनिअरही म्हणतो. माहिती प्रणालींच्या अभ्यासकांनी याच सवयीवर बोट ठेवलंय. मार्क बोव्हेन्स आणि स्टाव्ह्रोस झुरिडिस हे दोघे नेदरलँड्समधलेच. २००२ मध्ये, म्हणजे हे प्रकरण घडायच्या कितीतरी आधी, त्यांनी एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं: पूर्वी सरकार म्हणजे खिडकीपलीकडचा कारकून. तो तुमचं तोंड बघायचा, कधी अडवायचा, कधी सोडायचा. त्याच्या हातात थोडी मोकळीक होती. मग त्याच्यासमोर संगणक आला, आणि शेवटी काही खात्यांत तो कारकूनच राहिला नाही, निर्णय प्रणालीच घेऊ लागली. पण मोकळीक नाहीशी झाली नाही. ती प्रणाली आखणाऱ्यांच्या हातात गेली. कायद्यातलं वाक्य कोडमध्ये कसं उतरवायचं, कोणता रकाना ठेवायचा, मर्यादा किती धरायची, हे ते ठरवतात, आणि ते लोकांना कधी भेटत नाहीत.

मी रोज हेच काम करतो. अशा रकान्यांचा निर्णय कुठे होतो माहीत आहे? एखाद्या मीटिंगमध्ये, चार ओळींच्या टिपणात. तिथे कुणी खलनायक बसलेला नसतो. 'हा डेटा आपल्याकडे आहेच, घालून टाकू' एवढंच कुणीतरी म्हणतं.

आणि डेटा कसा 'असतोच', तेही बघा. नेदरलँड्सच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने २०२० मध्ये चौकशीचा अहवाल दिला. डच नागरिकांच्या दुहेरी नागरिकत्वाची नोंद भत्त्यासाठी लागत नव्हती, आणि जानेवारी २०१४ पासून ती ठेवायलाच नको होती. मे २०१८ मध्ये कर खात्याकडे ती १४ लाख लोकांची होती. आजोबा मोरोक्कोहून आले, नातू रॉटरडॅममध्ये जन्मला, शिकला, कर भरतो. पण टेबलात त्याच्या नावापुढे दुसरा देश तसाच चिकटलेला.

आता धर्माकडे येतो. मघाशी म्हटलं, मॉडेलमध्ये तो रकाना नव्हता. पण याच खात्याने एक वेगळी यादी ठेवली होती, संशयितांची, सुमारे २ लाख ७० हजार माणसांची. ती २०२० मध्ये बंद झाली. त्याच सुमाराच्या कामकाजाची नंतर तपासणी झाली, तेव्हा दिसलं की विवरणपत्रं खास तपासणीसाठी निवडताना मशिदीला दिलेली देणगी हीसुद्धा एक खूण धरली जायची. मे २०२२ मध्ये तिथल्या सरकारने लेखी मान्य केलं की कर खात्यात संस्थात्मक वंशवाद होता.

आपल्याकडे अशा गोष्टी ऐकल्यावर दोन प्रकारची माणसं दोन गोष्टी बोलतात. एक म्हणतात, संगणकाला जातधर्म कळत नाही, तुम्ही उगाच कांगावा करता. दुसरे म्हणतात, बघा, सगळं आपल्याविरुद्धचं कारस्थान. मला दोन्ही आळशी उत्तरं वाटतात. पहिलं खोटं आहे, हे उघडच आहे. पण दुसरं उत्तर मान्य केलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही. शिवाय कमी उत्पन्नाचे लोकही त्या मॉडेलमध्ये जास्त सापडत होते. त्यात एकट्याने मुलं वाढवणाऱ्या आया होत्या, गोऱ्या डच गरीब घरांतल्यासुद्धा. त्यांना सोडून हा लढा लढता आला नसता.

पूर्वग्रह प्रणालीत शिरतो कसा, याचे मार्ग बाट्या फ्रीडमन आणि हेलन निसनबाउम यांनी १९९६ मध्येच सांगितले होते. काही समाजातून आधीच आलेले असतात, काही तांत्रिक निवडीतून येतात, काही वापरता वापरता तयार होतात. यातला मधला प्रकार आपल्या नावांवरून चटकन समजेल. दोन याद्यांमधली नावं जुळवताना प्रोग्राम मोजतो की एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी लागतील. कुलकर्णी हे नाव इंग्रजीत बहुतेक सगळे एकाच पद्धतीने लिहितात. मोहम्मद हे आठ अक्षरांत लिहितात आणि एम-ओ-एच-डी असं चारातही लिहितात. चार अक्षरं पुसली, म्हणजे निम्मं नाव गेलं. मर्यादा ८० टक्क्यांची असेल तर कुलकर्णी पास आणि तुम्ही नापास. मर्यादा दोघांना सारखीच होती! त्यात आपल्याकडे शेख कधी पुढे, कधी मागे. अब्दुल रहमान हे एक नाव, पण फॉर्म त्याचे दोन तुकडे करून रहमानला वडील बनवतो. आईच्या नावात एका कागदावर बी, दुसऱ्यावर बेगम, तिसऱ्यावर बानो. उलटंही होतं. एकाच मोहल्ल्यात तीन सलीम शेख, आणि यंत्राला ते तिघे एकच वाटतात.

याची किंमत बघायला नेदरलँड्सला जायची गरज नाही. तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली आहे. वेगवेगळ्या खात्यांतल्या नोंदी नावं-पत्ते जुळवून ती एका कुटुंबाखाली आणते. हैदराबादमध्ये एका रिक्षा ओढणाऱ्याच्या घराचं रेशन बंद झालं, कारण नावातले शब्द जुळल्यामुळे त्याला दुसऱ्याच माणसाच्या चारचाकीचा मालक ठरवलं गेलं. त्या राज्यात २०१४ ते २०१९ मध्ये १८ लाखांहून अधिक रेशन कार्डं रद्द झाली, आणि रद्द कार्डांची प्रत्यक्ष घरी जाऊन फेरतपासणी करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

पुन्हा नेदरलँड्सकडे वळू, कारण ते उघड कसं झालं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०१४ मध्ये आइंडहोवनमधल्या एका पाळणाघर संस्थेच्या पालकांचे भत्ते एकदम थांबले. त्यांच्या वकील एव्हा गोन्झालेस पेरेस एकेक कागद मागत राहिल्या. २०१७ मध्ये लोकपालाने अशा २३२ कुटुंबांबद्दल अहवाल दिला. त्याच वर्षी खात्यातल्याच कायदेशीर सल्लागार सान्द्रा पाल्मेन यांनी टिपण लिहिलं की आपण चुकलोय, भरपाई द्यायला हवी. ते टिपण दाबलं गेलं. (त्याच पाल्मेन २०२४ अखेरीस या भरपाईचं काम बघणाऱ्या राज्यमंत्री झाल्या.) दोन वेगवेगळ्या पक्षांचे खासदार, पीटर ओम्त्सिख्त आणि रेन्स्के लाइटन, संसदेत प्रश्न विचारत राहिले. दोन पत्रकार चिकटून होते. पालकांनी आपल्या फाईली मागितल्या, तर पानंच्या पानं काळी करून हातात आली, आणि त्या काळ्या पानांचे फोटो देशभर गेले. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला. त्याचं नाव होतं 'अभूतपूर्व अन्याय'. बाधित पालकांना किमान ३० हजार युरो जाहीर झाले आणि १५ जानेवारी २०२१ ला पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. भरपाईचं काम त्यानंतरही वर्षानुवर्षं रखडत राहिलं, ते वेगळं.

या सगळ्यात मॉडेलचा कोड फोडणारा हॅकर कुठेच नाही. सगळे एकच विचारत होते: कारण दाखवा.

आपल्याकडे माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४(१)(घ) मध्ये लिहिलंय की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला दिली पाहिजेत. हे कलम फारसं कुणी वापरत नाही. शिष्यवृत्ती नाकारली, कार्ड रद्द झालं, आणि खिडकीवरचा म्हणाला 'सिस्टीम घेत नाही', तर त्याच्याशी भांडून उपयोग नाही, त्याला खरंच माहीत नसतं. अर्ज लिहून विचारा: कोणत्या नोंदीमुळे, ती नोंद कोणत्या खात्याकडून आली, आणि दुरुस्त करायचा अधिकार कोणाला आहे. पोच घ्या. एकट्याने न करता दहा-पंधरा जणांचे अर्ज एकत्र ठेवा, कारण नमुना एका अर्जात दिसत नाही. आइंडहोवनमध्येही तो एका कुटुंबात दिसला नसता.

आणि जाता जाता, थोडं आपल्या घरातही बघा. आपल्या जमातींच्या, ट्रस्टच्या, शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांच्या फॉर्मवर 'वडिलांचे अथवा पतीचे नाव' सक्तीचं असतं. तलाक झालेल्या बाईने तिथे काय लिहायचं? आता हे फॉर्म ऑनलाइन झालेत. पूर्वी ती रकाना कोरा सोडायची आणि संस्थेतला कुणीतरी समजून घ्यायचा. आता लाल अक्षरं येतात आणि फॉर्म पुढे जात नाही. हा रकाना कुणा सरकारने आखलेला नाही. या संस्थांच्या वेबसाइट्स तुमच्यातलीच मुलं बनवतात, कधी फुकट, कधी पाच हजारांत. तिथे 'आईचं नाव' चालेल अशी सोय करायला दहा मिनिटं लागतात.

दुपारच्या सत्रात आपण असे काही फॉर्म पडद्यावर लावणार आहोत. ज्यांनी आपल्या नावाचे तीन वेगळे स्पेलिंग असलेले कागद आणलेत, त्यांनी ते बाहेर काढून ठेवा.