खाट मिळेपर्यंतचा आजार



ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांना मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. आज सरकार त्यावर विम्याचे उत्तर देते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. ही गोष्ट लहान नव्हे. तिची टिंगल मी करणार नाही. परंतु हे संरक्षण इस्पितळात दाखल होण्याशी बांधलेले आहे.

मधुमेह झालेल्या एखाद्या हमालाचा विचार करा. त्याला रोज गोळ्या लागतात, अधूनमधून रक्त तपासावे लागते. त्यासाठी या विम्यातून छदामही मिळत नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या असल्या तर फुकट. नसल्या तर हाती बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी. शिवाय रांगेत दिवसाची मजुरी बुडते, ती तर कोणत्याच हिशेबात नाही! मग तो गोळ्या दिवसाआड घेऊ लागतो. काही वर्षांनी मूत्रपिंडे निकामी होतात, आणि आता मात्र डायालिसिसचा खर्च योजना उचलते. मूत्रपिंडे वाचवू शकली असती, ती गोळी त्याने पदरच्या पैशाने घ्यायची होती.

म्हणून विम्याची रक्कम वाढवा, एवढ्यावर आपण थांबू नये. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात मधुमेहाच्या गोळ्यांचा साठा किती दिवस पुरेल, हे आधी विचारावे.