वाफसा

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात एका निवृत्त विज्ञान-शिक्षकांनी इंदूर येथे केलेल्या भाषणाचा पाठ)



शाळेच्या 60 वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने घेतला आहे. मी आपणांस केवळ शाळेच्या मागल्या अंगणात घेऊन जाणार आहे. 20 फूट रुंद आणि 30 फूट लांब अशा त्या जागेत सहा गादीवाफे आहेत. त्या जागेवर फरशी घालून वाहनतळ करावा, असा विचार चालू आहे. निर्णय होण्यापूर्वी तिथे काय घडते, हे आपल्या कानी घालणे मी माझे कर्तव्य समजतो.

माळव्याची काळी माती आपण सर्वजण जाणता. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते आणि ओली असताना तिच्यावर पाय पडला की दगडासारखी घट्ट होते. पहिल्या वर्षी आम्ही सपाट जमिनीतच वाफे काढले. जुलैत आठवडाभर झड लागली, मुळांशी पाणी साचले आणि मुलांनी हौसेने लावलेली मिरचीची सारी रोपे कुजली. पाचवीतल्या एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, झाडं पाण्यात बुडून मरतात का?" मुळांनाही हवा लागते, हा धडा मी कित्येक वर्षे फळ्यावर शिकवीत होतो, तो मला त्या दिवशी नीट कळला.

दुसऱ्या वर्षी आम्ही जमिनीपासून फूटभर उंच गादीवाफे केले. रुंदी 4 फूट, लांबी 10 फूट आणि मधल्या वाटा दीड फुटाच्या. रुंदी 4 फूटच का? तर दोन्ही बाजूंनी मुलांचा हात वाफ्याच्या मध्यापर्यंत पोहोचावा आणि आत पाय ठेवण्याची वेळ कधीच येऊ नये. वाफ्यात पाऊल टाकायचे नाही, हा आमचा पहिला आणि सर्वांत कडक नियम. न तुडवलेली माती पोकळ राहते; पोकळ मातीत मुळे आडवी पसरण्याऐवजी खोल जातात; आणि मुळे खोल गेली म्हणजे रोपे एकमेकांजवळ लावता येतात. थोड्या जागेत भरपूर भाजी पिकविण्याचे सारे शास्त्र या एका साखळीत आहे.

अर्थात खोल मुळांना अन्नही हवे. येथेही आमची एक चूक झाली. घाईने आम्ही गोठ्यातले ताजे शेण आणून वाफ्यात मिसळले. त्यातून हुमणी आली आणि तिने वांग्यांची मुळे कुरतडून टाकली. कच्चे शेण आणि कुजलेले खत यांतील अंतर आम्हांला इंदुरात राहून कळू नये, याची मला लाज वाटली. कारण कंपोस्टची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती याच शहरात सिद्ध झाली. होळकर संस्थानाच्या आश्रयाने 1924 साली येथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिचे प्रयोग केले. 1931 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. पालापाचोळा, शेण, मूत्र शोषलेली माती आणि थोडी राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ठरावीक अंतराने ढीग उलथायचा; सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत तयार होते. आता शाळेच्या आवारातले एकही पान जाळले जात नाही.

रोपांची मांडणी हा आमच्या आठवीच्या भूमितीचा तास असतो. एका वाफ्यात एक-एक फुटावर चौकोनी मांडणीने कोबीची 40 रोपे बसतात. हीच रोपे समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर लावली, तर ओळींमधले अंतर फुटाऐवजी सुमारे साडेदहा इंच होते आणि बाजूच्या कडेला तीन इंच सोडूनही 44 रोपे मावतात. प्रत्येक दोन रोपांत अंतर मात्र फुटाचेच राहते. पाने वाढून एकमेकांना टेकली की खालची माती सावलीत जाते. तण कमी होते आणि ओल टिकते.

वाफा रिकामा ठेवायचा नाही, हा आमचा दुसरा नियम. कोबीची रोपे लहान असतात तोवर मधल्या जागेत मेथी पेरली, तर महिन्याभरात ती काढूनही होते. कोबीनंतर त्याच वाफ्यात पुन्हा कोबी लावायची नाही. चवळी किंवा गवार घ्यायची, म्हणजे त्यांच्या मुळांवरच्या गाठींतून जमिनीत नत्र जमते आणि कोबीवरच्या किडींचा मुक्कामही मोडतो.

आता मी या भाषणाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या शाळेतल्या अनेक मुलांच्या घरी आज हिंदी बोलली जाते, बाहेर तर हिंदीच. मराठी त्यांच्यासाठी पुस्तकातली भाषा होऊ लागली आहे. पण वाफ्यांशी उभे राहिल्यावर मला निराळे चित्र दिसते. आळे, खुरपे, आच्छादन, विरळणी हे शब्द मुलांनी पाठ केले नाहीत. ते त्यांच्या हाताला लागले. यांतला माझा सर्वांत आवडता शब्द म्हणजे 'वाफसा'. पाऊस उघडल्यावर माती फार ओली नाही, फार कोरडीही नाही, अशा ज्या अवस्थेला येते तिचे हे नाव. मुले मूठभर माती दाबतात. गोळा झाला आणि बोटाने टोकताच फुटला, तर "वाफसा आला!" असे ओरडतात. बोटांना चिकटला, तर खुरपी खाली ठेवून थांबतात. मघाशी सांगितलेली ती मुलगी आज दहावीत आहे. परवा तिने पहिलीच्या मुलांना हाच गोळा करून दाखविला आणि संपूर्ण मराठीत समजावून सांगितला. मी दूर उभा राहून ऐकत होतो.

आपल्या शाळेचा पट पूर्वीसारखा नाही, हे मी जाणतो. इमारतीची, वाहनांची, खर्चाची निकड मला नाकारायची नाही. परंतु जागा थोडी असली म्हणजे तिची मशागत अधिक निगुतीने करावी लागते, हे ते सहा वाफे मला रोज सांगतात. थोड्या मुलांच्या शाळेलाही हेच लागू आहे.

म्हणून व्यवस्थापनास माझी नम्र विनंती आहे की, वाहनतळासाठी पुढच्या फाटकालगतची जागा आधी मोजून पाहावी. मोजणीला मी स्वतः टेप घेऊन येईन. आणि निर्णय करण्यापूर्वी पदाधिकाऱ्यांनी एकदा सकाळी सात वाजता मागल्या अंगणात यावे. या आठवड्यात मेथी काढणीला आली आहे. मुले आपणांस एकेक जुडी देतील. फक्त वाफ्यात पाय ठेवू नये, एवढे ती आधी बजावतील.