झग्याचा अधिकार आणि केडगावचा अधिकार



सकाळपासून या संमेलनात एकच रडगाणे ऐकतो आहे. तरुण मंडळीत येत नाहीत, उपदेश कुणी ऐकत नाही, मोबाइलने विश्वासाचा घात केला! मला हे साफ अमान्य आहे. कारभारी मंडळाचे दोन गट चर्चच्या जागेवरून कोर्टात दावे लढवतात, आणि रविवारी त्यांच्याच तोंडून या मुलांनी क्षमेचा पाठ ऐकायचा? सोयरीक जुळवताना आजोबा-पणजोबांची जात हळूच काढणाऱ्यांनी ख्रिस्तातल्या ऐक्यावर बोलायचे? मुले उठून जातात ती शुभवर्तमान समजले म्हणून. समजले नसते तर आपल्यासारखीच बाकावर बसून राहिली असती.

येशूच्या बोलण्यात लोकांना जो अधिकार जाणवला, तो शास्त्र्यांच्या बोलण्यात त्यांना कधी जाणवला नव्हता, असे मत्तय सातव्या अध्यायाच्या शेवटी नोंदवतो. आठवा अध्याय उघडा. डोंगरावरून उतरताच येशू कुष्ठरोग्याला हात लावतो. आपण वाचन सातव्यावरच थांबवतो, हे आपले खरे दुखणे आहे.

आपल्याच मातीतले उदाहरण घेतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, अशी गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. शिकवण्याचा अधिकार कुणाला, हे ठरवणारे ते झगेवाले! बाईंनी मान तुकवली नाही. विश्वासाच्या बाबतीत आपली सदसद्‌विवेकबुद्धी कुणाच्या हवाली करणार नाही, असे त्यांनी वाँटेजच्या मठातल्या भगिनींना पत्रांतून स्वच्छ कळवले.

1897 साली मध्य प्रांतात दुष्काळ होता. बाई तिकडे गेल्या आणि अन्नान्न करणाऱ्या, अंगावर धड चिंधी नसलेल्या मुली-बायका घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून शारदा सदन या आपल्या विधवांच्या शाळेच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय केली. त्याच वर्षी पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे जे हाल होत होते, त्याबद्दल त्यांनी ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात उघड लिहिले. केडगावच्या याच मुक्ती सदनात आंधळ्या मुली बोटांनी वाचायला शिकल्या. साध्या बाईला समजेल असे बायबल मराठीत हवे, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी ते स्वतः भाषांतरित केले. त्याचे खिळे जुळवले, ते छापले मुक्तीतल्याच बायकांनी. 1922 मध्ये बाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले. जिला समाजाने ओझे म्हणून टाकून दिले, तिच्या हातून देवाचे वचन छापून घेणे, याहून मोठा उपदेश महाराष्ट्रात कुणी केल्याचे मला ठाऊक नाही. बाईंना कुणी पाळकाची दीक्षा दिली नव्हती.

कुणी विद्वान म्हणेल, संस्काराची सत्यता पाळकाच्या चारित्र्यावर अवलंबून नसते. ऑगस्टीनने डोनॅटिस्टांशी याच मुद्द्यावर वाद घातला होता. मान्य. कलंकित हातांनी दिलेला बाप्तिस्माही बाप्तिस्माच असतो. पण ही सवलत संस्कारापुरती आहे. शिकवणीला ती लावू नका. अपहार करणाऱ्याने दशांशावर प्रवचन दिले, तर ऐकणाऱ्याचा विश्वास मरतो, आणि त्याचा हिशेब देवापुढे प्रवचनकारालाच द्यावा लागेल.

आपण लेखकही यातून सुटत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या साऱ्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. आपण त्यांच्यावर विशेषांक काढतो आणि मंडळीतल्या अन्यायाचा लेख ‘वाद नको’ म्हणून परत पाठवतो. त्याला मी भ्याडपणा म्हणतो.

या संमेलनाने अभिनंदनाचे ठराव कमी करावेत आणि एवढे दोन करावेत. प्रत्येक मंडळीने वर्षाचा जमाखर्च चर्चच्या दारावर लावावा, कुणालाही वाचता येईल असा. आणि ज्यांचे आपल्याच भावाविरुद्ध मंडळीच्या मालमत्तेवरून दावे चालू आहेत, त्यांनी ते मिटेपर्यंत उपदेशाला उभे राहू नये. हे ठराव मी स्वतः मांडतो आहे. ज्यांना विरोध करायचा आहे, त्यांनी इथेच, सर्वांसमक्ष हात वर करावा.